खडकाच्या नावावर खपलेलं ऊन

फ्रान्समधल्या शाब्ली गावात कुठल्याही वाइनच्या दुकानात शिरा, एकाच शेतकऱ्याच्या चार बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतील. चारही बाटल्यांत द्राक्ष एकच, शार्दोने. साल तेच, तळघर तेच, बनवणारे हातही तेच. पण पहिलीवर ‘पेती शाब्ली’ लिहिलेलं असतं, दुसरीवर नुसतं ‘शाब्ली’, तिसरीवर ‘शाब्ली प्रमिए क्रू’ आणि चौथीवर ‘शाब्ली ग्राँ क्रू’. पहिलीकडून चौथीकडे जाईपर्यंत किंमत पाचपट तरी होते. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: जमीन. जमिनीत असं काय आहे, असं आणखी खोदून विचारलं की काउंटरखालून एक करडा दगड बाहेर निघतो. त्यात शिंपले असतात. हा किमरिजियन, मादाम.

किमरिजियन हे त्या चुन्याच्या, शिंपल्यांनी भरलेल्या थराचं नाव. दगड खरा आहे, शिंपलेही खरे आहेत. पण भाव त्या दगडाचा आहे हे मला पटत नाही. मी पॅरिसला राहायला आले तेव्हापासून शाब्लीला अधूनमधून जाते, आणि जितकी जाते तितकं माझं मत पक्कं होत जातं की त्या चार पायऱ्या खडकानं कमी आणि उन्हानं जास्त ठरवल्या आहेत. खडकाचं नाव पुढे करणं सोयीचं, कारण खडक दुकानात दाखवता येतो.

आधी भूगोल थोडक्यात. शाब्ली हे पॅरिसच्या आग्नेयेला, गाडीनं दोन तासांवरचं लहानसं गाव. कागदोपत्री ते बर्गंडीत येतं, पण बर्गंडीच्या ज्या बागांचं नाव जगभर घेतलं जातं त्या बोनच्या आसपासच्या बागा इथून शंभरेक किलोमीटर पुढे आहेत. शँपेनची दक्षिणेकडची शेवटची टोकं त्यामानानं जवळ. म्हणजे हा द्राक्षांसाठी थंड मुलूख. गावातून सेरँ नावाची एक नदी वाहते, आपल्या हिशेबानं मोठा ओढाच. नदी ओलांडून गेलं की समोर नैर्ऋत्येकडे तोंड करून एक सलग टेकडी पसरलेली दिसते. साऱ्या शाब्लीचं ग्राँ क्रू या एका टेकडीवर मावतं. सगळं मिळून जेमतेम शंभर हेक्टर, म्हणजे अडीचशे एकर. त्याचे सात तुकडे, प्रत्येकाला स्वतंत्र नाव: बुग्रो, प्रोझ, व्होदेझीर, ग्रनुई, वालम्यूर, ले क्लो, ब्लांशो. सर्वांत मोठा ले क्लो, पंचवीस हेक्टरांहून थोडा जास्त. सर्वांत लहान ग्रनुई, दहाच्या आत. व्होदेझीर आणि प्रोझ यांच्या बांधावर ला मुतॉन नावाचा अडीच हेक्टरांहूनही कमी असा आणखी एक तुकडा आहे. सातांच्या अधिकृत यादीत त्याचं नाव नाही, तरी लेबलवर ग्राँ क्रू म्हणून ते दिमाखात झळकतं. फ्रेंच नियम वाटतात तितके कडक नसतात. फक्त अपवादही नीट कागदावर नोंदवलेला असतो.

एकदा एप्रिलच्या शेवटी दादाला घेऊन तिथे गेले. दादा म्हणजे माझा दिंडोरीचा चुलतभाऊ, पिढीजात द्राक्षबागायतदार. एका कृषी प्रदर्शनासाठी तो फ्रान्सला आला होता. आयफेल टॉवर त्यानं टॅक्सीतूनच बघितला आणि म्हणाला, “झालं, आता बाग दाखव.” ले क्लोच्या पायथ्याशी गाडी उभी केली तर हा उतरला तो थेट उकिडवा बसला आणि माती चोळायला लागला. माती पांढुरकी, करडी. चुना आणि चिकणमाती एकत्र मुरलेली. ओली असताना शाडूसारखी बोटांना चिकटते, आणि वाळली की तिचे कडक तुकडे पडतात. त्यानं एक ढेकूळ फोडलं. आत करंगळीच्या नखाएवढे, स्वल्पविरामासारखे वळलेले शिंपले एकावर एक दाटलेले. नॅनोगायरा व्हर्गुला या जातीची ही छोटी कालवं. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी ती साठत गेली. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे ही कालवं मेल्यावर आठएक कोटी वर्षांनी आपल्याकडे लाव्हा वाहिला.

दादाला कोटी वर्षांचं फारसं कौतुक नव्हतं. तो चुन्याकडे बघत होता.

“एवढा चुना? असल्या रानात आपल्याकडं कोण बाग लावील गं? पानं पिवळी पडून जातील.”

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. माती परीक्षणाच्या अहवालात ‘मुक्त चुना’ हा आकडा वाढलेला दिसला की नाशिकचा शेतकरी कपाळाला हात लावतो. चुना जास्त झाला की मुळांना लोह उचलता येत नाही, पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि बाकीचं पान पिवळं पडतं. शाब्लीलाही हाच फटका बसला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा आला, मुळांवर जगणारी ही कीड अमेरिकेतून आली आणि तिनं युरोपच्या बागा बसवल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर युरोपी वेल बांधायचा. पण बऱ्याचशा अमेरिकन खुंटांना चुना सोसेना, कलम जगलं तरी वेल पिवळा पडे. मग 41बी नावाचा खुंट कामाला आला. त्याचं अर्धं रक्त शासला या युरोपी द्राक्षाचं, अर्धं टेक्सासकडच्या चुनखडीच्या डोंगरांत रानोमाळ वाढणाऱ्या बर्लँडिएरीचं. शाब्ली आणि शँपेनच्या पांढऱ्या जमिनींवर पुढे त्याचंच राज्य झालं. दादाच्या बागेत डॉगरिज खुंट आहे, तोही मूळचा टेक्सासचाच. हे सांगितल्यावर त्याला ती बाग एकदम ओळखीची वाटायला लागली, आणि खुंटावर कलम किती उंचीवर बांधलंय ते तो वाकून बघायला लागला.

आता माझा मुद्दा. हा किमरिजियन थर काही एका टेकडीपुरता नाही. पॅरिसच्या भोवती एका मोठ्या वळणदार पट्ट्यात तो उघडा पडतो. एका टोकाला सांसेर, तिथे त्याच्यावर सोव्हिन्यों ब्लाँ लावतात. दुसरीकडे शँपेनचा ओब जिल्हा, तिथे त्याच्यावर पिनो न्वार. ओबमधल्या एकाही गावाला ग्राँ क्रूचा दर्जा नाही. सांसेरमध्ये तर अशी सरकारी उतरंडच नाही. खुद्द शाब्लीत नदीच्या दोन्ही बाजूंना, हलक्या प्रतीच्या उतारांवरही तोच थर आहे, त्यातून निघते ती साधी शाब्ली. खडकच जर दर्जा देत असता तर हा सगळा पट्टा ग्राँ क्रू व्हायला हवा होता. फक्त टेकड्यांच्या माथ्यावर वेगळा, जास्त कडक चुनखडक आहे. त्याला तिथे पोर्टलांडियन म्हणतात. त्या पठारावरची वाइन बहुतेक पेती शाब्ली होते. म्हणजे सगळ्यात खालची पायरी खडकानं वेगळी आहे असं म्हणता येईल. पण वरच्या तीन पायऱ्या?

त्यांच्यासाठी खाली बघायचं सोडून वर बघावं लागतं. ग्राँ क्रूची टेकडी नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. दुपारपासून मावळेपर्यंतचं ऊन तिच्या अंगावर तिरपं न पडता सरळ पडतं. माथ्यावर रान आहे, उत्तरेचा वारा ते अडवतं. उतार पुरेसा, त्यामुळे पाणी साचत नाही. आतली चिकणमाती ओल धरून ठेवते, त्यामुळे उन्हाळ्यात वेल तहानत नाही. या शेवटच्या दोन गोष्टींत खडकाचा वाटा आहेच, मी नाकारत नाही. नदीच्या डाव्या बाजूला व्हायों, मोंमँ, कोत द लेशे हे प्रमिए क्रूचे उतार आग्नेयेकडे बघतात, त्यांना सकाळचं ऊन मिळतं. ते बारीक, धारदार लागतात. उजव्या बाजूचे फुरशोम आणि मोंते द तॉनेर हे ग्राँ क्रूच्या टेकडीचे सख्खे शेजारी, मध्ये फक्त एकेक दरी. त्यांच्या वाइनला अंग जास्त. प्रमिए क्रूची अशी एकूण चाळीस नावं आहेत, पण लेबलवर लोक त्यातल्या सतरा मोठ्या नावांखालीच विकतात, कारण लहान नावं गिऱ्हाइकाच्या लक्षात राहत नाहीत.

आणि याचा सर्वांत मोठा पुरावा नियमांतच आहे. द्राक्षांत निदान किती नैसर्गिक साखर हवी, म्हणजे तिच्यापासून किती टक्के अल्कोहोल होऊ शकेल, याची अट पेती शाब्लीला 9.5, शाब्लीला 10, प्रमिए क्रूला 10.5 आणि ग्राँ क्रूला 11. अर्ध्या अर्ध्या टक्क्याची शिडी. द्राक्षात साखर आणतं ऊन. ज्या मुलखात द्राक्ष पिकेल की नाही हीच दरवर्षीची चिंता होती, तिथे जे रान हमखास पिकवून देईल ते थोर ठरलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव नंतर नकाशावर रंगवला गेला, आणि नकाशा काढणाऱ्यांनी रंगांना खडकाची नावं दिली.

अनुभव जुना आहे हे मात्र खरं. 867 साली तूरहून पळून आलेल्या सेंट मार्टिनच्या साधूंना राजानं शाब्लीतला मठ दिला. नॉर्मन लुटारूंच्या भीतीनं ते आपल्या संताच्या अस्थी घेऊन हिंडत होते. 1114 मध्ये जवळच पाँतिन्यीचा सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला, आणि त्या साधूंनी शाब्लीत वेल खंडानं घेतले. वाइन ओसेरच्या धक्क्यावरून योन नदीनं होड्यांत पॅरिसला जायची. एकोणिसाव्या शतकात योन जिल्ह्यात चाळीस हजार हेक्टरांच्या घरात द्राक्षं होती, हे आज तिथल्या गव्हाच्या शेतांकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही. मग ओळीनं सगळं आलं. भुरी आली, डाउनी आली, फिलॉक्सेरा आला, आणि रेल्वे आली. दक्षिणेची स्वस्त वाइन रेल्वेनं पॅरिसला पोचायला लागल्यावर थंडीत कुडकुडत द्राक्षं पिकवणाऱ्याला कोण विचारतो? दोन युद्धांनंतर, 1950 च्या दशकात, शाब्लीच्या नावाला पात्र अशी बाग उरली होती पाचशे हेक्टरच्या आसपास. गंमत अशी की त्याच काळात अमेरिकेत ‘शाब्ली’ म्हणजे कुठलीही स्वस्त पांढरी वाइन झाली होती. कॅलिफोर्नियात गुलाबी शाब्लीसुद्धा विकली गेली.

मग भांडण. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत आवडतो. 1938 मध्ये शाब्ली आणि ग्राँ क्रूचा कायदा झाला तेव्हा किमरिजियन खडक हाच पाया धरला होता. 1944 मध्ये पेती शाब्ली आली. पुढे तंत्र सुधारलं, गिऱ्हाईक वाढलं, तसे शेतकरी पडीक आणि रान माजलेल्या जमिनींकडे बघायला लागले, आणि गावात दोन तट पडले. विल्यम फेव्र यांचा तट म्हणे, किमरिजियनबाहेर एक वेल जाता कामा नये. ज्याँ द्युरुप यांचा तट म्हणे, खडकाचं सोडा. उतार कसा आहे, तोंड कुठे आहे, हवा कशी आहे ते बघा. फेव्र ग्राँ क्रूच्या टेकडीवरचे मोठे जमीनदार, द्युरुप यांची बाग मालिन्यी गावाच्या बाजूला वाढत होती. कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं यात नवल वाटायचं कारण नाही. बांधाचा वाद आपल्यालाही नवा नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी संस्थेनं सीमा नव्यानं आखल्या, खडकाची अट ढिली झाली आणि द्युरुप यांच्या बाजूचं पारडं जड ठरलं. आज शाब्लीची एकूण बाग साडेपाच हजार हेक्टरांच्या पुढे गेली आहे. कागदावर उतार जिंकला. तरी दुकानात अजून दगडच दाखवतात.

द्युरुप यांचं म्हणणं मला तत्त्वतः पटतं, पण त्याचा सगळा परिणाम काही चांगला झाला नाही. सपाट, उत्तरेकडच्या रानांतून यंत्रानं तोडलेल्या द्राक्षांची, नुसती आंबट, पाणचट शाब्ली मी भरपूर प्यायले आहे. लेबल तेच, बाटली तीच. खडकाचा नियम चुकीचा असेल, पण तो लगाम होता.

त्या दिवशी बागेत आणखी एक गोष्ट होती. वेलांच्या ओळींमधून ठरावीक अंतरावर रंगाच्या डब्यांएवढे पत्र्याचे डबे ठेवले होते, काठ काजळीनं काळे. आत अर्धवट जळलेलं मेण. आदल्या रात्री गोठवणारी थंडी पडली होती. एप्रिलमध्ये डोळे फुटून कोवळी फूट दोन-तीन पानांवर आलेली असते, आणि नेमकी तेव्हा पहाटे दव गोठतं. उणे दोन-तीन अंशांत ती फूट काळी पडते आणि वर्षाचं पीक जातं. 1945 आणि 1957 ची साधी आठवणही तिथले म्हातारे टाळतात. 2016 आणि 2021 तर कालपरवाची. उपाय दोन. एक म्हणजे हे डबे, हेक्टरला तीन-चारशे, रात्री तीनला उठून हातानं पेटवायचे. दुसरा बघताना डोळ्यांना उलटाच वाटतो: थंडीत वेलांवर पाण्याचे फवारे सोडायचे. पाणी फुटीवर गोठतं, आणि गोठताना उष्णता सोडतं. फवारा सूर्योदयानंतरही चालू राहिला तर बर्फाच्या आतलं पान शून्याच्या आसपास राहतं आणि वाचतं. मध्येच पाणी बंद पडलं की संपलं. एवढं पाणी आणायचं कुठून, म्हणून शेजारच्या बेन गावाजवळ मुद्दाम तळं बांधून काढलंय.

दादाला डबे समजले. निफाडकडं पारा खाली गेला की आपले लोकही बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. पण त्याला एक गोष्ट खटकली. “थंडी खाली उतरती, मग नदीजवळचं हे खालचं रान आधी मरणार की.” बरोबर. ग्राँ क्रूच्या टेकडीचा पायथा नदीलगत, तिथे गार हवा साचते. आणि ऊन जास्त म्हणून या टेकडीवर डोळेही आधी फुटतात, म्हणजे पहिला घास तिचाच. ज्या उन्हानं तिला थोर केलं त्यानंच तिला थंडीच्या तोंडी दिलं. आपल्याकडे वेल झोपतच नाही, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, असा तो वर्षभर पळत असतो. इथला वेल पाच महिने मेल्यासारखा पडून राहतो आणि उठल्या उठल्या त्याच्यावर हे संकट. गारपीट दोन्हीकडे सारखीच. शाब्लीला 1 मे 2024 ला झाली तेव्हा दादानं फोटो बघून मला फोन केला होता.

चवीबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही. शाब्लीत शिंपल्याची, समुद्राची चव येते असं म्हणतात, आणि ती त्या पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या कालवांतून येते असंही सुचवतात. मुळं दगडाची चव शोषून घडात नेत नाहीत. ती घेतात पाणी आणि विरघळलेली, चव नसलेली अगदी थोडी खनिजं. मला चांगल्या शाब्लीत पहिल्या पावसानंतरच्या फरशीचा वास येतो, लिंबाच्या सालीचा कडवटपणा येतो, आणि गिळल्यावर जिभेच्या कडा आवळून घेणारा आंबटपणा येतो. हे सगळं थंड रात्रींचं, हळू पिकण्याचं आणि लाकडी पिंपाचा वास फारसा न लावण्याचं देणं आहे. ग्राँ क्रू दहा वर्षं ठेवली तर मधाकडे झुकते, आणि ते मोठं सुंदर असतं, पण त्यासाठी खिसाही तसा लागतो. पॅरिसच्या ला शापेल भागातल्या तमिळ दुकानातले गोठवलेले बोंबील आणून रव्यात तळले की मी त्यांच्याबरोबर चांगल्या शेतकऱ्याची साधी शाब्ली उघडते. कोकमाचं सार असेल तर मात्र नको, दोन आंबट एकमेकांचे पाय ओढतात.

आता या शिडीचा पाया हलतो आहे. पूर्वी शाब्लीची तोडणी सप्टेंबर संपता संपता सुरू व्हायची, ऑक्टोबरात जायची. 2003 ला ती ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा लोकांनी तो अपवाद मानला. 2020 लाही ऑगस्टमध्येच कात्र्या चालल्या. ग्राँ क्रूसाठी ठेवलेली 11 ची अट आता साधी शाब्लीही सहज ओलांडते. द्राक्ष पिकेल का, हा प्रश्न मागे पडला. पिकताना त्यातला आंबटपणा टिकेल का, हा नवा प्रश्न. आणि हा प्रश्न विचारला की नकाशा उलटा वाचावा लागतो. दुपारभर तापणारी नैर्ऋत्येची टेकडी की वाऱ्यावरचं गार पठार?

ज्यांच्या बागेत आम्ही उभे होतो त्या बाई डबे गोळा करत होत्या. दादानं मला मध्ये घालून त्यांना विचारलं, आज नवीन रान घ्यायचं झालं तर कुठं घ्याल? त्यांनी काजळीचा हात पँटला पुसला आणि टेकडीच्या माथ्यावरच्या रानापलीकडे बोट केलं. तिथे तर पेती शाब्ली, मी म्हटलं. हो, त्या म्हणाल्या, तिथे द्राक्ष आठवडाभर उशिरा पिकतं, आणि मला आता तो आठवडा हवा आहे. मी हे दादाला मराठीत सांगितलं. त्यानं माथ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि मला म्हणाला, “एकरी भाव काय चाललाय तिथं, विचार बरं.”